आधी माशी कुठं बसली ते सांगा

दौंडात आम्हाला पहिली खोली ज्यानं दिली, त्यानं आमचं आडनाव विचारलं नाही. त्याच्या आधी मी बऱ्याच ठिकाणी फिरलो होतो. लोक पहिल्यांदा हसून बोलायचे, मग गाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच कुणाला तरी गेलेली असायची. या म्हाताऱ्यानं मला दारात उभं केलं आणि विचारलं, "रातची उरलेली भाकर कुठं ठिवता?"

मी म्हणालो, "उरतच न्हाई."

"बरं. पोराची शी कुठं टाकता?"

"पोर अजून व्हायचंय."

"झाल्यावर कुठं टाकाल?"

मला राग आला. मी म्हणालो, "मालक, खोली द्यायची तर द्या, न्हाईतर न्हाई म्हणा. न झालेल्या पोराच्या शीची चौकशी कशाला?"

म्हातारा खूश झाला. "चिडतोस, म्हंजी लाज हाय. ज्याला लाज हाय त्याच्या घरात माशी कमी." कनवटीची किल्ली काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली. सहा नंबरची खोली, चाळीच्या शेवटाला, कडूनिंबाखाली.

मी चौथीपर्यंत शिकलो. माझं गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला. मोठ्या दुष्काळात गाव सोडलं आणि दौंडाला मालधक्क्यावर हमालीला लागलो. सिमेंटची पोती पाठीवर वाहिली, कुणापुढं पाठ वाकवली ती तेवढ्यापुरतीच. लिहायची मला सवय नाही. पण या माणसाबद्दल दुसरं कोण लिहिणार, आणि लिहिलं तरी बरोबर कोण लिहिणार, म्हणून मीच बसलोय.

तोंडावर मी त्याला मालक म्हणायचो, चाळीतल्या बाया मामा म्हणायच्या. पाठीमागं सगळं दौंड त्याला माशीमालक म्हणायचं, आणि ते त्याला माहीत होतं. रेल्वेत तो पॉइंट्समन होता. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचे खटके ओढण्यात त्याची हयात गेली. त्यामुळं कुठलीही गोष्ट समोर आली की ती कुठून आली हे बघायची खोडच लागली होती त्याला. माणसांना तो नावानं हाक मारायचा नाही, खोलीच्या नंबरानं मारायचा. "ए सहा नंबर, इकडं ये." पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मालक, मला नाव हाय." तो म्हणाला, "नाव पुसलं की आडनाव पुसावं वाटतं. आडनाव पुसलं की पुढचं वाटतं. नंबर बरा."

पण एक सांगितलं पाहिजे. खोली दिली म्हणून तो आमच्या घरात आला असं नाही. भाडं घ्यायला यायचा तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहायचा. बायकोनं एकदा पाण्याचा तांब्या पुढं केला, तर म्हणाला, "आत्ताच पिऊन आलोय." तो प्रत्येक वेळी आत्ताच पिऊन आलेला असायचा. माझी बायको त्याच्याकडं बघायची आणि तांब्या परत आत न्यायची. पण दर वेळी तिनं तांब्या मात्र पुढं केला.

त्याचं सगळं ज्ञान एका गोष्टीत होतं. अळी आपोआप पडत नाही, हे ते ज्ञान. त्या काळात लोक सरसकट म्हणायचे की सडलं की किडे पडतात. डाळ सडली पडले, फणस सडला पडले, म्हशीची जखम सडली पडले. म्हातारा हे ऐकलं की उठून उभा राहायचा. "सडल्यानं पडत न्हाईत. आधी माशी कुठं बसली ते सांगा. माशी बसती, अंडी घालती, बारीक, तांदळाच्या कणीसारखी. एका दिसात अळी. आठवड्यात अळी पोट भरून चालायला लागती."

एक नंबरच्या खोलीत भजीवाला राहायचा, स्टेशनबाहेर त्याची गाडी होती. तो म्हणाला, "मामा, वासातनंच किडा होतो. आमची आजी सांगायची."

झालं. म्हातारा भीमेवर गेला, कोळ्याकडनं माशांची मुंडकी आणली. निम्मी एका मडक्यात उघडी ठेवली. निम्मी दुसऱ्या मडक्यात घालून तोंडाला धोतराचा धुवट फडका गच्च आवळून बांधला. दोन्ही मडकी अंगणाच्या मध्यावर, आणि शेजारी स्वतः बाज टाकून राखणीला. वासानं चाळीत जेवण जाईना. तीन नंबरच्या बाईचा नवरा रेल्वेत कारकून होता, घरात पंढरीची माळ होती, कांदासुद्धा चालायचा नाही. ती पदर नाकाला लावून दिवसभर बडबडायची. शेवटी म्हाताऱ्यानं सगळ्यांना बोलावलं. उघड्या मडक्यात अळ्यांचा नुसता बुजबुजाट, पांढऱ्या, एकीवर एक. बांधलेल्यात मुंडक्यांचा काला झालेला, पण अळी एक नाही. म्हाताऱ्यानं फडका झटकून सगळ्यांच्या नाकासमोर धरला. फडक्याच्या वरच्या अंगाला माशीनं अंडी घातली होती. "आत जायला मिळंना म्हणून दारातच बाळंत झाली," तो म्हणाला.

भजीवाला म्हणाला, "मामा, वास तर दोन्हीला सारखाच हाय."

"वास तुझ्या भज्यांनाबी हाय," म्हातारा म्हणाला. "ती झाकून ठिव."

नळावर बायांची भांडणं व्हायची. एकदा एकीनं दुसरीला म्हटलं, तुझ्या जिभेला किडे पडतील. म्हातारा घरातनं धावत बाहेर आला. बायांना वाटलं भांडण सोडवायला आला. तो म्हणाला, "माशी बसल्याबिगर पडायचे न्हाईत. तोंड मिटा, दोघीबी." भांडण तिथंच संपलं, कारण दोघींना हसू आलं.

शिरूरला त्याच्या भाचीचं लग्न होतं तिथली गोष्ट मी ऐकलेली आहे, पण खरी आहे. आचाऱ्यानं बुंदी परातीत उघडी ठेवली होती. म्हाताऱ्यानं डोक्याचा फेटा सोडला आणि सगळी परात झाकली, आणि बोडक्या डोक्यानं मांडवात बसला. नवऱ्याकडच्या लोकांना तो अपशकुन वाटला. त्यावरनं त्याच्या मेहुण्याचं आणि त्याचं जे वाजलं ते कायमचं. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, पाटसला राहायचा, साखर कारखान्यात होता. दौंडापासून पाटस काही लांब नाही, पण म्हातारा त्या बाजूला तोंड करून थुंकायचासुद्धा नाही.

चाळीत त्याचा एक कायदा होता. ज्याच्या घरातनं अळी निघाली, त्यानं सगळं अंगण आणि दोन्ही संडास धुवायचे, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. भजीवाल्याला एकदा धुवावे लागले होते, खाटेखाली बटाटे सडले म्हणून. तो धूत होता आणि म्हातारा कट्ट्यावर बसून त्याला कोपरे दाखवत होता.

आता त्या वर्षाचं सांगतो. आमची थोरली तेव्हा रांगायला लागली होती.

भादव्यात पित्रं आली. आमच्या वडलांनी घरातले देव नदीत सोडले त्या दिवसापासून आमच्यात पित्रं नाहीत, श्राद्ध नाही, कावळा नाही. पण म्हातारा घालायचा. बायको त्याच्या आधी गेली होती, सवाष्ण, म्हणून अविधवा नवमीला तिचं पान. मूलबाळ नव्हतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं हातानं करायचा. वडे दगडासारखे व्हायचे. केळीच्या पानावर वाढून शिडी लावायचा आणि पान आमच्या खोलीच्या पत्र्यावर ठेवायचा, कारण कडूनिंबाची फांदी तिथं होती आणि कावळे तिथंच बसायचे. दर वर्षी कावळा लगेच शिवायचा. "ती माझ्यावर खूश हाय," तो चाळीला सांगायचा.

त्या वर्षी कावळा येईना. फांदीवर बसले होते, पण खाली उतरेनात. म्हातारा अंगणात उभा राहून वर बघत बोलायला लागला. "तुझ्या तुळशीला पानी घालीन रोज." कावळा हलला नाही. "बरं, बिडी सोडतो." नाही. चाळ दारादारात उभी होती. तीन नंबरची बाई म्हणाली, "मामा, भावाचं म्हणा की. तिच्या भावाशी बोलतो म्हणा."

"ते सोडून बोल," म्हातारा म्हणाला. तिला नाही, वर बघून, बायकोला.

ऊन कलायला लागलं. पोटात अन्नाचा कण नव्हता त्याच्या. वारं सुटलं, तसा तो चूळ भरायला आत गेला. परत आला तर पत्र्यावर पान नव्हतं. त्यानं दोन्ही हात जोडले. "शिवला," म्हणाला. "बघा, शिवला."

भजीवाला म्हणाला, "पान बी खाल्लं का मामा?"

"भूक असंल त्याला," म्हातारा म्हणाला, आणि जेवायला बसला.

जो माणूस कुठलीही गोष्ट कुठून आली, कुठं गेली हे बघितल्याशिवाय पाणी प्यायचा नाही, त्यानं त्या दिवशी शिडी चढून बघितलं नाही. मी त्याला हसत नाही. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की तो बघत नाही.

अमावास्येच्या आसपास, सकाळी, मी मालधक्क्यावर निघालो होतो. तीन नंबरची बाई आमच्या दारासमोरनं पाणी घेऊन चालली होती. ती थांबली आणि बादली खाली ठेवून ओरडली. आमच्या उंबऱ्याशी, गोणपाटाच्या कडेला, अळ्या होत्या. भिंतीच्या कडेनं आणखी येत होत्या.

सगळी चाळ गोळा झाली. तीन नंबरची बाई म्हणाली, "मी तवाच म्हणलं होतं. हे लोक आले तवाच म्हणलं होतं."

माझी बायको दारात आली, पोरगी काखेत. ती म्हणाली, "कोण लोक?"

"तुला माहीत हाय कोण लोक."

तिचा कारकून नवरा सभ्य माणूस होता. तो हळू आवाजात म्हाताऱ्याला म्हणाला, "मालक, यांना दुसरीकडं बघायला सांगा. रोगराई होईल. आम्ही तरी किती दिवस गप्प बसायचं?" भजीवाल्यानं मान हलवली. मी त्याच्या गाडीसाठी रॉकेलचे डबे उचलून दिलेले होते, फुकट, आणि त्यानंही मान हलवली.

दौंडात दुसरीकडं म्हणजे कुठं, हे मला माहीत होतं. पण मला खोलीची काळजी नव्हती तेवढी दुसऱ्याची होती. या दारातनं आम्ही असे बाहेर पडलो असतो, तर पुढं कुणीही आमच्यातला खोली मागायला आला की त्याला हीच गोष्ट ऐकवली असती, त्यांच्या घरात किडे निघतात म्हणून. मी पोती ओढायचा लोखंडी आकडा खांद्यावरनं काढला. म्हातारा म्हणाला, "सहा नंबर, हात खाली. घर दाखव."

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणालो, "मालक, माझं घर बघायचं असंल तर आधी समद्यांची बघा. तुमच्यापासनं. माझं शेवटी."

"अळ्या तुझ्या दारात हायेत."

"तुम्हीच म्हणता ना, गाडी थांबली कुठं ते बघू नये, आली कुठनं ते बघावं."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग वळला आणि आपल्या खोलीत गेला. आतनं एकेक डबा बाहेर आणून उलटा केला. मग एक नंबर, दोन नंबर. तीन नंबरच्या घरात देवाच्या चौरंगाखाली कांदा सडलेला निघाला, माळेच्या घरात. त्याच्यावर चिलटं उडत होती. बाई म्हणाली, "तो मी औषधाला ठेवला होता." म्हाताऱ्यानं कांदा फोडून बघितला, अळी नव्हती. "औषध बाहेर ठिवा," म्हणाला आणि पुढं गेला.

तोवर माझ्या बायकोनं काय केलं होतं ते आज लिहितानाही माझी मान ताठ होते. तिनं घरातलं सगळं बाहेर अंगणात मांडलं होतं. पिठाचा डबा, मिरचीची बरणी, तवा, काटवट, पोरीचं बाळुतं, अंथरूण, सगळं उन्हात, झाकणं काढून. घर मोकळं. चूल सारवलेली. ती बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "बघा, ज्याला बघायचंय त्यानं."

कुणी पुढं आलं नाही. म्हातारा आला. उंबऱ्याच्या बाहेरनंच वाकून त्यानं आत चारी कोपरे बघितले. मग तो मांडलेल्या भांड्यांतनं फिरला, मडक्यात वाकला. "ह्या घरात माशीला बसायला जागा न्हाई," तो म्हणाला.

"मग आल्या कुठनं?" कारकून म्हणाला. "आभाळातनं पडल्या?"

म्हातारा जमिनीवर बसला. अळ्या कुठं चालल्यात ते बघायला लागला. आम्ही सगळे त्याच्या पाठीमागं. तो पुटपुटत होता. "पोट भरलं की ही जेवनापाशी थांबत न्हाई. कोरडी, अंधारी जागा हुडकती, कोष करायला. म्हून गोणपाटाखाली शिरायलीय. म्हंजी जेवली दुसरीकडं." बोटानं माग काढत तो भिंतीच्या कडेनं सरकला. भिंतीवर ओला डाग होता. डागाच्या वर पन्हळीचं तोंड, पत्र्यावरचं पाणी पडायचं ते. त्या तोंडातनं आमच्या डोळ्यांदेखत एक अळी खाली पडली.

म्हातारा म्हणाला, "शिडी."

शिडी मी धरली. तो स्वतःच चढला, मला चढू दिलं नाही. वर पोचल्यावर पन्हळीत वाकला आणि तसाच राहिला. मला खालनं त्याचे पाय तेवढे दिसत होते. वर केळीचं पान होतं, काळं पडलेलं, वाऱ्यानं घसरून पन्हळीत अडकलेलं, आणि त्याच्यात खीर-वडे, सगळं सडून अळ्यांनी भरलेलं. कुणीही शिवलेलं नव्हतं.

पत्र्याच्या पलीकडं रेल्वेचं गवत होतं. हात मागं करून फेकलं असतं तर मला सोडून कुणाला कळलं नसतं. त्यानं माझ्याकडं खाली बघितलं. मी बघत राहिलो, मीही डोळे फिरवले नाहीत. मग ते पान त्यानं दोन्ही हातांत उचललं, खालनं आधार देऊन, जसं वाढलेलं ताट उचलतात तसं, आणि एकेक पायरी उतरला.

अंगणाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "हे माझं. माझ्या बायकोचं पान. कावळा शिवला नव्हता. माशी शिवली." मग थोडं थांबून, "मी बघितलं न्हाई."

तीन नंबरची बाई म्हणाली, "जाऊ द्या मामा, चुकून—"

"चुकून म्हंजी? भजीवाल्याचंबी चुकूनच होतं. खराटा आना."

त्यानं सगळं अंगण धुतलं. दोन्ही संडास धुतले. फिनेल टाकलं. पन्हळ चुन्यानं घासली. भजीवाला लाजून खराटा घ्यायला गेला तर त्याच्या अंगावर ओरडला. मी त्या दिवशी कामाला गेलो नाही. मी मदत केली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याचा दंड त्याला पुरा करू देणं हाच मान होता. तो मेहुण्याशी पुढं बोलला की नाही मला माहीत नाही.

दुपार टळली तेव्हा त्याचं काम झालं. ओल्या धोतरानं तो आमच्या दारासमोर आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सगळी चाळ ऐकत होती.

"पोरी," तो माझ्या बायकोला म्हणाला, "माझी घाण तुझ्या दारात सांडली. तुझं नाव निघालं. अंगण धुतलं ते कायद्याचं. तुझा दंड काय तो सांग."

मला वाटलं ती म्हणेल, काही नको मामा. ती म्हणाली, "आमच्यात जेवा. दार उघडं ठिवून."

नळावर पाण्याचा आवाज तेवढा येत होता. म्हाताऱ्यानं ओल्या धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाला, "काय केलंय?"

"भाकरी. वांग्याचं कालवण."

"झाकून हाय का?"

"आत येऊन बघा."

तो नळाच्या कट्ट्यावर गेला, राखेनं कोपरापर्यंत हात घासले, पाय धुतले. मग उंबरा ओलांडून आत आला. दाराकडं तोंड करून बसला. बायकोनं वाढलं. पहिला घास घेतला आणि म्हणाला, "तिखट लई झालंय."

"मग पानी प्या," ती म्हणाली, आणि तांब्या पुढं केला.

त्यानं तांब्या वर उचलला आणि अर्धा रिकामा करून खाली ठेवला. मग दुसरी भाकरी मागितली, आणि एवढ्या मोठ्यानं मागितली, की नळाखाली तीन नंबरच्या बाईची बादली भरून वाहायला लागली तरी तिचं तिकडं लक्ष नव्हतं.